पिक्कूचा कमरपट्टा

जळू म्हटलं की लोक पाय वर घेतात. घरात, कोरड्या जमिनीवर, खुर्चीत बसलेले असले तरी! मी इंपी. उत्तर मिनेसोटातल्या तळ्यांतून जळवा धरायच्या आणि मासे पकडणाऱ्यांना गळाला लावायला विकायच्या, हा माझा आणि माझ्या नवऱ्याचा धंदा. आजवर असा एक पाहुणा भेटला नाही ज्याने हे ऐकून "ई!" केलं नाही. चर्चमधल्या एक बाई तर माझ्या हातात हात द्यायला तयार होईनात. मी म्हटलं, "अहो, तुम्ही परवा मिटक्या मारत खाल्लात ना तो वॉलाय मासा, तो माझ्याच जळवेला भुलून गळाला लागला होता." त्या दिवसापासून बाई माझ्या बाकावर बसत नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला.

तर मुलांनो, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे मध्येच किंचाळणार नाही. सगळ्या जळवा रक्त पीत नाहीत. काही पितात, कासवाच्या मांडीला चिकटतात, माणसाच्या पोटरीलाही चिकटतात. पण आमची ही तळ्यातली जळू बिचारी बारीक किडे, अळ्या, गांडुळं असलं काहीतरी गिळते. तिला चावायला दातच नाहीत. रंग चिखलासारखा, अंगावर काळे ठिपके, पुढे एक चोषक, मागे एक चोषक. चोषक म्हणजे चिकटायची वाटी. पुढची वाटी टेकवायची, अंग ओढून घ्यायचं, मागची टेकवायची, की पुन्हा पुढची. अशी ती चालते. पण पाण्यात सोडा आणि बघा! वाऱ्यावर फीत लहरावी तशी पोहते. तिचं पोहणं बघून "ई" म्हणणारा माणूस मला एकदा दाखवाच.

त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाची, ताउनोची मुलगी सायमा आमच्याकडे राहायला आली. नऊ वर्षांची. ताउनो मोठ्या सरोवरांवरच्या खनिज वाहणाऱ्या बोटीवर काम करतो. बर्फ वितळलं की बोट निघते ती पाणी पुन्हा गोठेपर्यंत चालू. मध्ये कधीतरी दोन-चार दिवस सुटी. सायमाची आई बंदरावरच्या बेकरीत पहाटेपासून राबते, मग पोरीकडे कोण बघणार? म्हणून ती माझ्याकडे. मला वाटलं होतं, शहरातली पोर आहे, आल्या आल्या नाक मुरडेल. तर हिने फ्रिज उघडला, दुधाच्या शेजारी जळवांची बरणी बघितली आणि विचारलं, "आत्या, यांना दूध आवडतं का?"

त्याच क्षणी ती मला आवडली. मी तसं बोलून दाखवलं नाही, डोक्यावर बसली असती.

आमची कामाची पद्धत साधी. पत्र्याची घडी करायची, आत गाईच्या काळजाचा तुकडा ठेवायचा आणि संध्याकाळी ती घडी तळ्याच्या उथळ पाण्यात सोडायची. जळवांना आठ डोळे असतात, पण त्यांना दिसतं काय, तर उजेड आणि अंधार, बस. वास मात्र लांबून येतो. अंधार पडला की त्या वासावर येऊन पत्र्यात शिरतात. सूर्य वर यायच्या आत पत्रे काढायला हवेत, नाहीतर उजेड झाला की सगळ्या पसार. आणि तळं असं निवडायचं की ज्यात मासे नाहीत. हिवाळ्यात जिथे बर्फाखाली मासे गुदमरून मरतात असं उथळ, गाळाचं तळं. जळवा गाळात शिरून तग धरतात. मासे असले तर ते जळवा ठेवतील का? पानातली पापडी उचलावी तशा उचलून खातील.

सायमा पहिल्याच पहाटे माझ्याबरोबर पाण्यात उतरली. आर्वोचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, रबरी बूट तिच्या मांडीपर्यंत येत होते. डासांनी तिला फोडून काढलं, पण पोरगी हूं की चूं नाही.

घरी आल्यावर जळवा धुऊन निवडायच्या. लहान एकीकडे, मोठ्या एकीकडे. आणि एक नियम आर्वोच्या वडिलांपासून चालत आलेला: जिला कमरपट्टा, तिला तळ्यात परत. अंडी घालायची वेळ आली की जळवेच्या अंगाच्या पुढच्या भागात एक फिकट, फुगीर पट्टा उमटतो. आम्ही त्याला कमरपट्टा म्हणतो. तशी जळू विकायची नाही. कितीही मोठी असो, कितीही गिऱ्हाईक दारात असो.

"का?" सायमाने विचारलं.

"बी दळून खाल्लं तर पेरशील काय?"

तेवढ्यात तिच्या हातात ती आली. बाप रे! ताणली की माझ्या पंजाएवढी. एवढी मोठी मी सुद्धा क्वचितच बघितली होती. पट्टा नव्हता. सायमाने तिला बोटांवर घेतलं, तिने सायमाच्या अंगठ्याला मागची वाटी चिकटवली आणि पुढचं तोंड हवेत फिरवत बसली.

"आत्या, ही मला दे."

"काय करणारेस?"

"जत्रेत ठेवणार. मुलांच्या तंबूत. बाबा येणारेत जत्रेच्या दिवशी. त्यांना दाखवणार."

जिल्ह्याची जत्रा ऑगस्टच्या सुरुवातीला असते. मुलं आपापले ससे, कोंबड्या, भोपळे घेऊन येतात आणि बक्षिसाच्या फिती जिंकतात. ताउनोला नेमकी तेव्हा सुटी मिळणार होती. फोनवर त्याने पोरीला तसं सांगितलं होतं आणि तेव्हापासून ती दिवसातून दहा वेळा तेच बोलत होती. मी काय नाही म्हणणार? जळू दिली. सायमाने तिचं नाव ठेवलं पिक्कू. आमच्या वाडवडिलांच्या फिनिश भाषेत पिक्कू म्हणजे चिमुकली. आर्वो इतका हसला की त्याच्या हातातली कॉफी सांडली.

मग काय, घरात दुसरं बोलणंच नाही. पिक्कूला नळाचं पाणी चालत नाही, शहरातल्या नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, त्याने जळू मरते. म्हणून विहिरीचं पाणी. पिक्कूला नाक नाही, ती अख्ख्या कातडीने श्वास घेते. पिक्कूला गांडुळाचा तुकडा टाकला की ती तो शेवई ओढावी तसा ओढते. आणि फ्रिजमध्ये ठेवायचं, कारण गारव्यात जळू सुस्त राहते, कमी खाते आणि पुष्कळ दिवस टिकते. हे मीच शिकवलं होतं तिला.

"पिक्कू मुलगी आहे की मुलगा?"

"दोन्ही. प्रत्येक जळू आईही असते आणि बापही."

सायमाने थोडा विचार केला. "मग बरं आहे. बाप कुठे लांब जायला नको."

मी कांदा चिरत होते, ते बरंच झालं.

आता आर्वोचा पराक्रम ऐका. माझा नवरा स्वभावाने लोण्याहून मऊ, पण चष्मा लावायचा म्हटलं की याच्या नाकाला मिरच्या झोंबतात. जुलैच्या सुरुवातीच्या एका सकाळी त्याने फ्रिज उघडला, मासे पकडायला जळवांची बरणी हवी म्हणून हात घातला आणि बरणी उचलून घराजवळच्या तलावात होडी घेऊन गेला. ज्या घरात दुधाशेजारी जळवा असतात त्या घरातच असं व्हायचं. सायमा उठली, फ्रिज उघडला आणि तिने जी किंकाळी फोडली ती ऐकून अंगणातल्या कोंबड्या सैरावैरा धावल्या.

"पिक्कू नाही! काकांनी पिक्कूला नेलं!"

आम्ही दोघी धक्क्यावर धावलो. आर्वोची होडी लांब तलावाच्या मध्यावर, टिकलीएवढी. मी ओरडले, ताट बडवलं, टॉवेल हलवला. त्याने लांबून हात हलवून दाखवला. म्हणजे आम्ही प्रेमाने टाटा करतोय असं त्याला वाटलं! सायमा धक्क्याच्या फळीवर बसली आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. जळू गळाला लागते ती परत येत नाही.

दुपारी तो आला. होडी लागायच्या आत मी सुरू झाले.

"डोळे आहेत की बटणं? बरणीवर एवढी मोठी पट्टी लावलीय पोरीने, नाव लिहिलंय, दिसलं नाही?"

"कसलं नाव?" म्हणत आर्वोने बरणी वर धरली. पिक्कू आत! "ही केवढी जाडजूड आहे बघ. मी म्हटलं, एखादा राक्षसी मासा दिसला तरच हिला लावायची. दिसलाच नाही मेला."

सायमाने बरणी हिसकावून छातीशी धरली. आर्वोला सगळा प्रकार कळल्यावर तो एवढासा झाला. संध्याकाळी त्याने आपणहून चष्मा लावला आणि निजेपर्यंत काढला नाही.

पण बरणी सकाळभर होडीच्या बाकावर उन्हात होती. पाणी कोमट झालं होतं. मी हळूहळू गार पाणी घालत ते निववलं, एकदम गार केलं तर जळवेला धक्का बसतो. पिक्कू पोहत होती, तरतरीत दिसत होती. सायमा म्हणाली, "वाचली!" मी पण म्हटलं, वाचली.

पुढे काही दिवसांनी नाश्त्याच्या वेळी सायमाने बरणी टेबलावर ठेवली आणि ती गप्प राहिली. एवढी बडबडी पोर गप्प म्हणजे काहीतरी झालंय. मी बघितलं. पिक्कूच्या अंगावर फिकट पट्टा उमटला होता. स्पष्ट, फुगीर.

"तळ्यात असतानाच कुणाशी तरी गाठ पडली असणार," मी म्हटलं. "त्या दिवशी बरणी उन्हात तापली, आणि आता उन्हाळा आला असं तिच्या अंगाला वाटलं. ती अंडी घालणार."

"मग छानच की! जत्रेत पिल्लं पण दाखवता येतील."

आता खरी पंचाईत. मी वाडग्यात चमचा फिरवत बसले. आर्वोने माझ्याकडे बघितलं आणि तो उठून बाहेर गेला, भित्रा कुठला. मला वाटलं, नको सांगायला. काय बिघडतं? पण मुलांशी खोटं बोलणं मला जमत नाही. जमलं असतं तर बरं झालं असतं असं त्या दिवशी फार वाटलं.

"सायमा, ऐक. ही जळू अंडी घातली की मरते. सगळ्यांचंच तसं असतं. जिवात जेवढं असतं तेवढं त्यात घालते आणि संपते."

तिने बरणी दोन्ही हातांनी जवळ ओढली. "आणि फ्रिजमध्ये ठेवली तर?"

"गारव्यात अंडी घालत नाहीत. बहुतेक जत्रेपर्यंत टिकेल."

"आणि नंतर?"

"नंतर कधीतरी तशीच मरेल. अंडी न घालता."

"तुझा नियम मला सांगू नकोस," ती एकदम तडकली. मी नियमाचं नावही काढलं नव्हतं. "ती माझी आहे. बाबांना दाखवायचीय. मी सांगितलंय त्यांना. ते फक्त एकदाच येतात!" आणि बरणी उचलून तिने फ्रिजमध्ये ठेवली, अगदी मागे, जिथे सगळ्यात गार असतं. दार आपटलं. लोणच्याच्या बाटल्या खणखणल्या.

खरं सांगू? मलाही वाटत होतं की ती जळू तिथेच राहावी. पोरीच्या बापाने जत्रेच्या तंबूत यावं, तिने बरणी उचलावी, त्याने "अबब!" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. जळवा मी आयुष्यभर विकल्या आहेत. एका जळवेने काय होतंय?

सायमा रोज फ्रिज उघडायची. पिक्कू तळाशी वेटोळं करून पडलेली. गांडूळ टाकलं तर तोंड लावायची नाही. पोहायची नाही. पट्टा तसाच. सायमा दार उघडं ठेवून बघत उभी राहायची आणि मी "दूध नासेल गं" म्हणून ओरडायचे, तेव्हा दार लावायची. एकदा तिने विचारलं, "आत्या, तिला कळत असेल का?"

"काय?"

"की तिचं काहीतरी राहिलंय."

"मला नाही माहीत, बाळा. तिला आपल्यासारखं डोकं नाही. पण अंगाला माहीत असतं."

शनिवारी आम्ही सगळे सौनात, म्हणजे चुलीवर तापवलेल्या लाकडी खोलीत बसून घाम काढतो आणि मग तलावात उडी मारतो. त्या शनिवारी सायमा सौनात आली नाही. मी ओल्या केसांनी घरात आले तर ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली होती. समोर पिक्कूची बरणी. आत तिने एक सपाट दगड आणि झाडाच्या सालीचा तुकडा ठेवला होता, आणि बरणी खिडकीपासून लांब, सावलीत होती. रडून रडून डोळे सुजले होते.

"फार गरम नको ना?" तिने विचारलं.

"नको. अशीच ठीक आहे." मी तिच्याजवळ खाली बसले. माझे गुडघे कुरकुरले, म्हटलं कुरकुरा.

दोन दिवसांतच पिक्कू जागी झाली. आणि मग आम्ही जे बघितलं ते मीही एवढ्या वर्षांत नीट बघितलं नव्हतं, कारण मी जळवा मोजते आणि विकते, बघत कधी बसते? पिक्कू दगडाला चिकटली. कमरपट्ट्याभोवती तिने एक पातळ पिशवी तयार केली, आत अंडी सोडली आणि मग त्या पिशवीतून अंग मागे ओढत ओढत बाहेर आली, आपण तंग स्वेटर काढतो तशी. पिशवी दगडावर राहिली. मग तोंडाने ती दाबत बसली, सगळ्या बाजूंनी, थापून थापून, मसुरासारखी चपटी होईपर्यंत. आधी पांढरट होती, हळूहळू तपकिरी झाली. मग दुसरी केली, मग तिसरी. मधे विसावा घ्यायची. सायमा पोटावर झोपून, नाक बरणीला लावून बघत होती. आर्वो चष्मा लावून तिच्या शेजारी आडवा. जेवायचं कुणाला भान नाही. मी फिश सूप दोनदा गरम केलं आणि शेवटी मीही जमिनीवर बसून खाल्लं.

प्रत्येक पिशवीनंतर पिक्कू बारीक होत गेली. शेवटी सुतळीसारखी झाली आणि एके सकाळी तळाशी सैल पडलेली दिसली. सायमाने तिला चमच्याने काढलं. आम्ही तिला तळ्यात सोडलं, कारण तळ्यातल्या किड्यांनाही खायला लागतंच. घरी येऊन सायमा दगडावरच्या पिशव्या मोजत बसली. मी तिला शहाणपण शिकवायला गेले नाही.

जत्रेच्या दिवशी तिने बरणी तंबूत मांडली. एका बाजूला हा एवढा भोपळा, दुसऱ्या बाजूला फुगलेला कोंबडा. परीक्षक बाईंनी बरणीत बघितलं. "यात काय आहे?" त्यांना आधी दगडच दिसला. मग त्यांना दिसलं, दगडावरून दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी हलतंय. पिल्लं आदल्या दिवशीच निघाली होती. बाई "ई" म्हणाल्या आणि कोंबड्याकडे वळल्या. पहिल्या नंबरची निळी फीत कोंबड्याला मिळाली. मी त्या बाईंना काय म्हटलं ते इथे सांगत नाही.

ताउनो दुपारी आला. दाढी वाढलेली, खांद्यावर पिशवी. सायमाने धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारली. मग तो तंबूत आला, बरणी उचलून उजेडात धरली, फिरवली.

"अगं, ती हाताएवढी जळू कुठाय? मी बोटीवर सगळ्यांना सांगितलंय."

सायमाने सगळं सांगितलं. होडी, पट्टा, अंडी. ताउनो ऐकत होता, पण त्याचा चेहरा जरा पडला. थट्टेनेच म्हणाला, "एवढे दिवस कळ काढायची होतीस गं. फ्रिजमध्ये ठेवायचीस माझ्यासाठी."

"ठेवली होती," सायमा म्हणाली. "पण ती काही खायची नाही, पोहायची नाही. नुसती वाट बघत पडलेली असायची. मला माहीत आहे बाबा, तसं किती वाईट वाटतं ते."

ती रागाने बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं. ताउनोच्या हातात बरणी तशीच राहिली. माझा भाऊ बोटीवरची वादळं झेललेला माणूस. त्याने ती अलगद टेबलावर ठेवली. मी कोंबड्याकडे बघत उभी राहिले, कारण माझेही डोळे भरून आले होते.

मग तो खाली बसला, तिच्या उंचीला आला आणि म्हणाला, "चल. मला दाखव यांना कुठे सोडायचं ते."

संध्याकाळी ते दोघं तळ्यात उतरले. त्याच्या पायात चांगले बूट होते, मी ओरडायच्या आत भिजले. सायमाने त्याला दाखवलं, बरणी आडवी धरायची, पाणी हळू आत येऊ द्यायचं, दगडासकट खाली ठेवायचं, उथळ पाण्यात, गवताजवळ. डास दोघांनाही फोडत होते. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते.

दोन दिवसांनी ताउनो बोटीवर परत गेला. सोडली नाही त्याने नोकरी, पोट कुणाला चुकलंय? पण जाताना तो "लवकर येतो" म्हणाला नाही. त्याने तारीख सांगितली, सप्टेंबरची, आणि सायमाने ती माझ्या फ्रिजच्या दारावर लिहून ठेवली.

त्या तारखेला तो आला.